पावसाळ्याआधी घरात काय आणि किती साठवून ठेवावं? (मुंबईकरांसाठी)

मेधा_शीव:
आणीबाणीच्या साठ्याच्या ज्या याद्या नेटवर फिरतात, त्या तळघर आणि गॅरेज असलेल्या घरांसाठी केलेल्या असतात. इथे दीड खोलीत पाच माणसं, आणि पाण्याचं पिंप ठेवलं तर मुलांनी अभ्यासाला बसायचं कुठे? म्हणून हा धागा फक्त मुंबईपुरता.

माझं मत आधी मांडते. आपल्याकडचं संकट बहुतेक वेळा दोन-तीन दिवसांचं असतं आणि त्यात अन्नावाचून कुणी राहत नाही. अडतं ते पाणी, औषध, उजेड आणि रोख पैसे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्याच दिवशी कुलाब्याला ७३ च्या आसपास. कुर्ला-कालिना पट्ट्यात कित्येक इमारतींत त्यानंतर दिवसचे दिवस वीज नव्हती. वीज नाही म्हणून पंप नाही, पंप नाही म्हणून गच्चीवरच्या टाकीत पाणी नाही. जमिनीखालच्या टाक्यांत गटाराचं पाणी शिरलं ते निराळंच. खिचडीपुरते डाळ-तांदूळ सगळ्यांकडे होते, शिजवायला पाणी नव्हतं.

म्हणून माझा क्रम: पाणी, औषधं, उजेड, रोकड आणि मग खाणं. तुम्ही काय ठेवता, किती ठेवता आणि मुख्य म्हणजे जागा कुठे काढता?

हिंदमाताचा_बंडू:
ताई, काळजी कळते, पण मुंबईत याची खरंच गरज आहे का? खाली वाणी, समोर औषधाचं दुकान, कोपऱ्यावर बेकरी. ॲपवर मागवलं तर दहा मिनिटांत सामान दारात. शिवाय इथल्या घराचा एकेक चौरस फूट सोन्याच्या भावाचा, तो डाळीच्या डब्यांना कशाला द्यायचा?

रेवती_ठाणे:
@बंडू, ॲप चालायला फोन लागतो, फोनला चार्जिंग लागतं आणि सामान आणणाऱ्या मुलाला रस्ता लागतो. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास ग्रिड कोसळलं तेव्हा मुंबई, ठाणे, नवी मुंबई एकदम अंधारात गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या. आमच्या भागात संध्याकाळपर्यंत वीज नव्हती. पाऊस नाही, वादळ नाही, स्वच्छ ऊन पडलेलं. कुणालाही आधी सूचना मिळाली नव्हती.

आणि हिंदमाताला राहून तुम्ही म्हणताय गरज नाही? :)

हिंदमाताचा_बंडू:
आमच्याकडे पाणी भरतं तेव्हा वाणी पहिल्या मजल्याच्या जिन्यात दुकान मांडतो. विश्वास ठेवा.

पण मुद्दा पटला. फोन बंद तर सगळंच बंद.

जागृती_वेसावे:
धागा वाचून बरं वाटलं. आमच्या कोळीवाड्यात हा प्रश्न कुणाला पडत नाही, कारण उत्तर दरवर्षी मार्च-एप्रिलपासून अंगणात वाळत असतं. १ जूनपासून मासेमारी बंद होते आणि नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्रात जायचं म्हणजे जिवावरचं. तेवढे महिने घर चालायला हवं. म्हणून बोंबील वलांडीवर (मासे वाळवायच्या मांडवावर) चढतात, जवळा, अंबाड, बांगडा सगळं सुकवून डब्यांत जातं. तांदूळ, चिंच, कांदे, वर्षाचा मसाला, जळण, औषधं, घराला ताडपत्री. आमच्याकडे याला आगोट म्हणतात.

माझी आजी दोन पिशव्या वेगळ्या ठेवायची. एकीत घराचं, दुसरीत ज्या घरचा माणूस गेला असेल किंवा बोट फुटली असेल त्यांच्यासाठी. दुसरी पिशवी कुणाची हे ती ठेवताना सांगायची नाही, द्यायच्या वेळेला कळायचं. साठवण म्हटलं की प्रत्येक जण आपापल्या कपाटाचाच विचार करतो, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

चाळकरी_परळ:
जागृतीताई, दुसऱ्या पिशवीसाठी नमस्कार.

रेवती_ठाणे:
अवांतर: आमच्या सोसायटीत सुके बोंबील भाजले की तिसऱ्या मजल्यापर्यंत तक्रार जाते. वास बंद राहील असा डबा कुठला?

जागृती_वेसावे:
@रेवती, चांगलं कडक ऊन दाखवा, मग जाड काचेच्या बरणीत भरा आणि बरणी झाकणाच्या स्टीलच्या डब्यात. भाजण्याच्या वासाला मात्र उपाय नाही, तक्रार करणाऱ्याला एक तुकडा द्या.

सदा_लालबाग:
मेधाताई, तुमच्या क्रमाशी मी अर्धाच सहमत आहे. तुम्ही पुराचा विचार केलात. घरावर येणारं दुसरं संकट हळू येतं आणि महिनोन् महिने हटत नाही.

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर होते. पहिला महिना कुणालाच काही वाटलं नाही, उलट लोक गावी जाऊन शेतीची कामं करून आले. माझे वडील गिरणीच्या खात्यात जॉबर, म्हणजे मुकादम, होते. आईने दुसऱ्याच आठवड्यात हिशेब बदलला. चहात दूध कमी झालं, गव्हाच्या जागी ज्वारी-नाचणी आली, गावाहून तांदळाचं पोतं एस.टी.च्या टपावरून आलं आणि ते तिने मोजून वापरलं. शेजारच्या खोल्यांतून एकेक तांब्याचा हंडा, मग पितळी पातेली, मग मंगळसूत्र सावकाराकडे गेलं. संप मागे घेतला असं अधिकृतपणे कुणी कधी जाहीर केलंच नाही. ज्यांच्याकडे शिल्लक नव्हती ती माणसं वर्षभरात मोडली.

आमच्या आईची साठवण डब्यात कमी आणि व्यवहारात जास्त होती. वाण्याकडची उधारी ती संपाआधी कधीच तुंबू द्यायची नाही, म्हणून संपात त्याने सहा महिने वही बंद केली नाही. बायकांची भिशी होती. रेशनकार्ड चोख होतं, पत्ता आणि माणसांची संख्या बरोबर. गिरणगावात खानावळी चालवणाऱ्या बायकांचेही हाल झाले, कारण जेवणारे कामगारच गावी गेले. पण १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं होतं, त्यामुळे त्यांच्यातल्या अनेकींना सावकाराऐवजी बँकेचं दार माहीत झालेलं होतं.

म्हणून यादीत मी हे घालेन: तीन महिन्यांच्या घरखर्चाएवढी रक्कम हात न लावता बाजूला, अद्ययावत शिधापत्रिका, आणि कुणाचीही थकलेली उधारी नको.

मेधा_शीव:
सदाकाका, हे मी धरलंच नव्हतं. नोकरी जाणं, लांबलेलं आजारपण, कोविडची टाळेबंदी, या सगळ्यांना हेच लागू पडतं. मार्च २०२० मध्ये आमच्या मजल्यावरच्या रोजंदारीवाल्या कुटुंबाला तिसऱ्या आठवड्यात किराणा द्यावा लागला होता. वाण्याकडे माल होता, त्यांच्याकडे पैसे नव्हते.

पिंपळपान:
मेधाताईंनी टाळेबंदीचं नाव काढलंय म्हणून एक विचारते. साठवण आणि साठेबाजी यांच्यात रेघ कुठे मारायची? त्या मार्चमध्ये आमच्या इमारतीखालच्या दुकानात काहींनी पन्नास-पन्नास किलो आटा उचलला आणि मागून आलेल्या म्हाताऱ्यांना पाच किलोही मिळाला नाही. त्यामुळे कुणी "घरात भरून ठेवा" म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो.

चाळकरी_परळ:
रेघ सोपी आहे. संकट नसताना थोडं थोडं आणून ठेवलं तर ती बेगमी. दर महिन्याला वाणसामानात एक किलो तांदूळ, अर्धा किलो डाळ जास्त आणा, कुणाचंही ताट रिकामं होत नाही. उलट संकटाच्या दिवशी तुम्ही रांगेत नसता, त्यामुळे ज्याच्याकडे काहीच नाही त्याला माल मिळतो. बातमी आल्यावर पळत जाऊन उचललं तर ती साठेबाजी.

पिंपळपान:
पटलं. अशा बाजूने पाहिलं नव्हतं.

डॉ_अश्विनी:
औषधांबद्दल लिहिते, कारण पुरानंतर माझ्याकडे येणारे बरेच रुग्ण उपाशी नसतात, त्यांच्या गोळ्या संपलेल्या असतात.

रक्तदाब, मधुमेह, थायरॉइड, फिट्स, दमा, हृदयाची औषधं यांचा निदान पंधरा दिवसांचा जादा साठा ठेवा. नवीन पाकीट आलं की ते मागे, जुनं पुढे. फिट्सच्या आणि हृदयाच्या गोळ्या एक दिवसही चुकवून चालत नाहीत. औषधांची नावं आणि मात्रा लिहिलेला कागद पाकिटात असू द्या, फोनमध्ये असून पुरेसं नाही.

साचलेल्या पाण्यातून चालावं लागलं तर लेप्टोचा (उंदरांच्या मूत्रातून पाण्यात पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसचा) धोका असतो, पायाला जखम असेल तर जास्तच. २००५ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत त्याची मोठी साथ आली होती. घरी आल्याबरोबर साबणाने पाय धुवा आणि ७२ तासांच्या आत डॉक्टरांना किंवा पालिकेच्या दवाखान्यात दाखवून प्रतिबंधक गोळी घ्या. ती आधीपासून घरात ठेवून मनाने घेऊ नका, गरोदर बायका आणि लहान मुलांना मात्रा व औषध वेगळं असतं.

जुलाबांसाठी ओआरएसची पाकिटं ठेवा. नसतील तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा. मीठ जास्त पडलं तर अपाय होतो, म्हणून चव अश्रूंपेक्षा खारट नको.

बाळ असेल तर त्याचं दूध, वृद्ध असतील तर डायपर, आणि सॅनिटरी पॅड. हे पुरुषांनी केलेल्या याद्यांत कधीच सापडत नाही.

रेवती_ठाणे:
शेवटच्या ओळीला +१.

कोमल_पीजी_अंधेरी:
मी वीस बाय दहाच्या खोलीत तिघींबरोबर राहते. गॅस नाही, फ्रिज सामाईक. आमच्यासारख्यांनी काय करावं?

मेधा_शीव:
कोमल, न शिजवता खाता येईल असं ठेव. दडपे पोहे, भाजलेले शेंगदाणे, चणे, गूळ, राजगिऱ्याच्या वड्या, खजूर, सातूचं पीठ, चुरमुरे. घरून मेतकूट आलं असेल तर उत्तम. पाण्याच्या वीस लिटरच्या जारशिवाय दोन लिटरच्या चार बाटल्या पलंगाखाली. पॉवर बँक आठवड्याला एकदा भरायची. आणि चौघींनी मिळून एकच डबा करा, म्हणजे जागा वाचते.

जास्वंद_मुलुंड:
धान्य टिकवण्याबद्दल. आमच्याकडे तूरडाळीला एरंडेल चोळतात, तांदळात कडुनिंबाचा वाळलेला पाला, रवा भाजून बरणीत. पोहे आणि कडधान्यं एप्रिलमध्ये ऊन दाखवून भरली की टोके, सोंडे लागत नाहीत. बोरिक पावडर चोळायचीही पद्धत आहे.

डॉ_अश्विनी:
बोरिक नको, कितीही धुतली तरी पोटात जाते, आणि लहान मुलांना तिचा त्रास जास्त होतो.

आणि याहून महत्त्वाचं: धान्यात टाकायच्या सल्फासच्या गोळ्या घरात अजिबात आणू नका. हवेतल्या ओलाव्याने त्यातून फॉस्फिन वायू सुटतो. बंद खोलीत झोपलेल्या माणसांचा त्याने जीव जातो आणि त्याच्यावर उतारा नाही. त्या गोदामासाठी असतात, तेही प्रशिक्षित माणसाच्या हातून. कुणी घरी ठेवल्या असतील तर आजच त्या खोलीतली माणसं बाहेर काढा, दारं-खिडक्या सताड उघडा, गोळ्यांवर पाणी टाकू नका आणि विल्हेवाटीसाठी अग्निशमन दलाला विचारा.

जास्वंद_मुलुंड:
बोरिक बंद. धन्यवाद डॉक्टर.

निलेश_टेकडी:
मी भांडुपला डोंगरउतारावरच्या वस्तीत राहतो. वरची चर्चा चांगली आहे, पण आमच्यासाठी उलटी आहे. आमच्याकडे दरड येते. २६ जुलै २००५ ला साकीनाक्याला आली, १८ जुलै २०२१ च्या पहाटे चेंबूरच्या माहुल भागात आणि विक्रोळीत भिंती-दरडी कोसळून माणसं गेली. तिथे घरात चाळीस किलो तांदूळ असण्याचा काही उपयोग नव्हता. आमच्याकडे जो साठा करायचा तो पाठीवर घेऊन निघता येईल एवढाच.

एक पिशवी दाराच्या मागे खुंटीला. त्यात आधार, रेशनकार्ड, घराच्या पुराव्याचे कागद आणि मुलांचे दाखले प्लास्टिकमध्ये बंद करून, आईच्या गोळ्या, टॉर्च, शिट्टी, थोडी रोकड, एक जोडी कपडे, पाण्याची बाटली, बिस्किटं. घराच्या पुराव्याला मी सगळ्यात वर ठेवतो, कारण घर गेल्यावर पुनर्वसनाला तोच कागद मागतात.

आणि कधी निघायचं हे आधीच ठरलेलं हवं. भिंतीला नवी भेग पडली, दार अचानक अडकायला लागलं, उतारावरून गढूळ पाणी नव्या जागेतून यायला लागलं, झाड किंवा खांब कलला, तर निघायचं. रात्र असो, पाऊस असो. बायका "भांडी आवरते" म्हणून थांबतात, पुरुष "काही होत नाही" म्हणून थांबतात. आमच्या गल्लीत आम्ही जोड्या लावल्या आहेत: कुणी कुणाच्या म्हाताऱ्याला उचलायचं ते मे महिन्यातच ठरतं.

मेधा_शीव:
निलेश, तुमचा प्रतिसाद मी धाग्याच्या सुरुवातीला जोडते आहे. "किती साठवावं" हा प्रश्न ज्याचं घर जागेवर राहणार आहे त्याचा आहे, हे तिथे स्पष्ट लिहायला हवं.

हिंदमाताचा_बंडू:
निलेशभाऊ, शिट्टी कशाला?

निलेश_टेकडी:
ढिगाऱ्याखाली ओरडून घसा दहा मिनिटांत बसतो. शिट्टीला दम कमी लागतो आणि आवाज लांब जातो.

प्रभाकर_बोरिवली:
पाण्याबद्दल थोडं. पालिकेत जलविभागाशी संबंधित काम केलेलं आहे म्हणून लिहितो. मुंबईचं पाणी सात तलावांतून येतं आणि त्यातलं बहुतेक शहराबाहेर, शंभर किलोमीटरपर्यंतच्या अंतरावरून. जुलै २०२१ च्या त्याच रात्री भांडुपच्या जलशुद्धीकरण संकुलात पावसाचं पाणी शिरलं, यंत्रणा बंद पडली आणि मुंबईच्या मोठ्या भागाला पाणी मिळालं नाही. नंतर आलेलं पाणी उकळून प्या असं सांगण्यात आलं होतं. म्हणजे धो धो पावसातच नळ कोरडा पडू शकतो.

पिण्या-स्वयंपाकाला माणशी दिवसाला चार ते पाच लिटर धरा. चार माणसं, तीन दिवस, म्हणजे पन्नास-साठ लिटर. तीन जार झाले. वापरायचं पाणी पिंपात वेगळं, झाकण घट्ट, नाहीतर डेंग्यूचे डास. तुरटीने गाळ खाली बसतो, जंतू मरत नाहीत. पाणी खळखळ उकळलं की एक मिनिट तसंच ठेवा. गॅस नसेल तर क्लोरीनच्या गोळ्या, पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणात, आणि अर्धा तास थांबून मगच प्यायचं. गढूळ पाणी आधी सुती कापडातून गाळा, नाहीतर गोळी काम करत नाही.

जागा नाही म्हणणाऱ्यांना: मुसळधार पाऊस आणि साडेचार मीटरच्या वरची भरती एकाच दिवशी आहे असं कळलं की आदल्या रात्री घरातली सगळी पातेली, कुकर, कळशा भरून ठेवा. भरतीच्या तारखा पालिका पावसाळ्याआधीच जाहीर करते. रोज पिंप बाळगायची गरज नाही.

चाळकरी_परळ:
प्रभाकरकाकांची शेवटची युक्ती लाखमोलाची. तारखांचा कागद जिन्यात लावतो.

कोमल_पीजी_अंधेरी:
रोकड किती ठेवावी? आम्ही तर भाजीही यूपीआयनेच घेतो.

सदा_लालबाग:
दोन-तीन हजार, पण दहा, वीस, पन्नासच्या नोटांत. पाचशेची नोट पुराच्या दिवशी चहावाल्याला चालत नाही. आणि इंटरनेट नसेल पण फोनला सिग्नल असेल तर *९९# डायल करून बँकेचे व्यवहार होतात. आत्ताच एकदा करून बघ.

रेवती_ठाणे:
उजेडासाठी मेणबत्त्या सुचवू नका कुणी, अंधारात पडदा पेटायला वेळ लागत नाही. चार्जिंगचा दिवा आणि सेलची बॅटरी. सेल बॅटरीतून काढून वेगळे ठेवा, नाहीतर गळतात. सेलवर चालणारा छोटा रेडिओ असेल तर सोन्याहून पिवळं, मोबाइल टॉवर बंद पडले तरी आकाशवाणी लागते.

नंबर कागदावर लिहून फ्रिजला लावा: पालिकेचा आपत्कालीन कक्ष १९१६, रुग्णवाहिका १०८, अग्निशमन १०१, सगळ्यांसाठी ११२.

पिंपळपान:
घरी पोचता आलं नाही तर काय, हे कुणीच लिहिलं नाही. २००५ ला बहुतेक माणसं घरात नव्हती, ऑफिसात, लोकलमध्ये, गाडीत होती. बंद गाडीत गुदमरून लोक गेले. ऑफिसच्या खणात चपला, टॉवेल, एक सुका कपडा, गोळ्या, खाऊ. गाडीत काच फोडायची हातोडी. पाणी चाकाच्या वर आलं की गाडी सोडायची, गाडी परत मिळते. आणि पाण्यातून चालताना काठी किंवा छत्रीने पुढची जमीन चाचपत जायचं, उघडी मॅनहोल दिसत नाहीत.

अनघा_माहीम:
उशिरा आले. माझ्या सासऱ्यांना इन्सुलिन लागतं. वीज गेली की फ्रिज बंद. तीन दिवस वीज नसेल तर कुप्यांचं काय करायचं?

डॉ_अश्विनी:
अनघाताई, घाबरू नका. वापरात असलेली कुपी किंवा पेन बहुतेक प्रकारांत साधारण चार आठवडे फ्रिजबाहेर चालते, तापमान २५ ते ३० अंशांच्या खाली असेल तर. नेमकी मुदत पाकिटावर बघा. न उघडलेल्या कुप्या २ ते ८ अंशांत हव्यात. वीज गेली की फ्रिज उघडू नका, बंद फ्रिज काही तास गार राहतो. त्यानंतर कुप्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधून कोरड्या वाटीत ठेवा, ती वाटी पाण्याने भिजवलेल्या मातीच्या मडक्यात, वर ओलं फडकं, आणि मडकं वाऱ्याच्या जागी सावलीत. बर्फाला थेट टेकवू नका, गोठलेलं इन्सुलिन वाया जातं. नेहमी साफ दिसणाऱ्या इन्सुलिनमध्ये गुठळ्या किंवा गढूळपणा आला तर टाकून द्या.

अनघा_माहीम:
मडकं आहे घरात. उद्याच वाटी बसते का बघते. सिरिंजसुद्धा जास्त आणून ठेवते.

चाळकरी_परळ:
अनघाताई, आमच्या चाळीत असं केलंय की ज्यांना इन्सुलिन किंवा ऑक्सिजन लागतो त्यांची खोली नंबरसकट यादी तळमजल्यावरच्या दोन घरांत आहे, त्यांची संमती घेऊन. चौथ्या खोलीतल्या काकांकडे इन्व्हर्टर आहे, वीज गेली की ऑक्सिजन मशीनची वायर आधी तिकडे जाते. तुमच्या इमारतीत कुणाकडे इन्व्हर्टर आहे तेवढं विचारून ठेवा.